कोयांची वजाबाकी

येडगाव,
१४ मे १९९७

तीर्थरूप आई,
पाया पडतो. वैजयंती, आजीला हे मोठ्यानं वाचून दाखव गं.

शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणात मी मजेत आहे. जेवणात रोज आमरस असतो, काळजी नको. तुझ्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? बराखीत साठवलेले कांदे निवडत बसू नकोस.

काल सगळ्या गुरुजींसमोर इथल्या पोरांना वजाबाकी शिकवून दाखवायची होती. आपल्या शेजारच्या भगवंतानं झकास रंगीत तक्ता केला. मी पंगतीतल्या आंब्याच्या कोया गोळा करून धुवायला बसलो, तर भगवंत म्हणाला, "हौशा, आमराई लावतो का काय?" सगळे लई हसले.

पण तक्त्यापुढं पोरं बुजून गप्प बसली. माझ्या कोयांवर मात्र तुटून पडली, अन् वजाबाकीच्या नादात धरणावर पोहायला जायचंही विसरली. साहेबांनी माझाच पाठ पहिला काढला!

लहानपणी तू म्हणायचीस, "भगवंताचा पयला नंबर आला, तुझा का न्हाई?" आता आला, आई.

भगवंत शेजारीच बसून त्याच्या आईला पत्र लिहितोय. त्यात माझा नंबर लिहिलाय का, तेवढं साळुकाकूंकडं जाऊन विचार.

तुझाच,
हौशीराम