घटनेला हात लावणारी मुलगी

अण्णा, तुमच्या मुलीने घटनेत बदल करा अशी भर सभेत मागणी केली. परळला, आपल्याच विहारात, आपल्याच माणसांसमोर. तुम्ही असता तर उठून गेला असता हे माहीत असूनही केली, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी नववीत असतानाची ती दुपार. गिरणी बंद पडलेली, तुम्ही घरी. स्टोव्हपाशी बसून सुक्या बोंबलाची चटणी करताय आणि शेजारचे मास्तर दारात उभे राहून राज्यकर्त्यांना शिव्या घालतायत. ते म्हणाले, ही माणसं सुधारायची तर घटनाच बदलली पाहिजे. तुम्ही स्टोव्ह बंद केलात आणि आवाज न चढवता त्यांना जायला सांगितलंत. नागरिकशास्त्रात वाचलेलं मी बोलून गेले, की घटनेत तर कितीतरी वेळा बदल झालेत. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "गावात आपला पाणवठा वेगळा होता. हे पुस्तक आलं म्हणून तू या खोलीत बसून मला उलट बोलतेयस. त्याला हात लावायचा नाही." पुढे मला वकिलीची सनद मिळाली तेव्हा लालबागच्या शिंप्याकडून काळा कोट शिवून आणलात, माझ्या अंगावर चढवलात आणि सहज विचारावं तसं विचारलंत, की बदल करायची सोय मुळातच ठेवलीय का. मी हो म्हटलं. तुम्ही कॉलर नीट करत राहिलात. पटलं असं म्हणाला नाहीत, मीही खोदून विचारलं नाही, आणि वर्षभरात तुम्ही गेलात.

आता यंदाचं ऐका. ज्या माणसासाठी आपल्या चाळीतल्या बायका उन्हात दारोदार फिरल्या, तो निवडून आला आणि बरोबरच्यांचा गट घेऊन समोरच्या पक्षात गेला. एकटा गेला असता तर पद गेलं असतं. झुंडीने गेलं की कायद्यात पळवाट सापडते. वर जयंतीला हार घालायला हजर. त्या दिवशी आईने मला विचारलं, "मग मी दिलेलं मत आता कुणाचं?" म्हणून आम्ही काही जणांनी मागणी मांडली, की पक्ष सोडला, एकट्याने नाहीतर गटाने, की त्याची जागा रिकामी. परत लोकांसमोर जा. त्यासाठी घटनाच दुरुस्त करावी लागते. सभेच्या आदल्या दिवशी त्याची माणसं घरी आली, वकीलबाईंना समजवा म्हणाली. आईने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की ती माझंही ऐकत नाही.

सभेत विरोधाला उभे राहिले ते मात्र काका, गिरणीत तुमच्या शेजारच्या साच्यावर कापड विणणारे. "पोरी, आज तू एक कलम उघडायला सांगतेस. उद्या ते अख्खं पुस्तक उघडतील. तुझ्या बापाने हे चालू दिलं नसतं."

मी म्हटलं, "काका, त्यांना बदल करायचा असतो तेव्हा ते आपल्याला विचारायला येत नाहीत. आपण भिऊन बसलो तर पुस्तक त्यांच्याच हातात राहील. आपलं आहे, तर दुरुस्तीही आपणच मागायची."

काका उठून गेले, त्यांच्यामागून बरेच गेले. उरलेल्यांनी हात वर केले. आईने दोन्ही केले, एक मी खाली घ्यायला लावला.

ठराव दिल्लीला पाठवला, तिकडून अजून काही आलेलं नाही. ज्यांनी उड्या मारल्या त्यांनीच हा बदल मंजूर करायचा, तेव्हा लवकर येईल असंही नाही. म्हणून काय घरी बसू? ठाकूरद्वारला सभा झाली, शीवला झाली, प्रभादेवीला ठरतेय. काका प्रत्येक ठिकाणी येतात, पुढे बसतात, आणि माझं बोलून झालं की विरोधात बोलायला उभे राहतात. आमची पोरं म्हणतात, त्यांना कळवू नका. मी त्यांची खुर्ची राखून ठेवते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. काका तावातावाने मला खोडून काढायला लागले, की मी त्यांचे मुद्दे टिपायचे सोडून नुसती ऐकत बसते. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत मला कुणी पोरी म्हणून दटावलं नव्हतं.