स्टॅग्नेशनच्या पुरणपोळ्या

अहो,

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच लिहायला बसले आहे, आणि तेही भांडायला. समोर असतात तर चहाचा कप आपटूनच विचारलं असतं.

काल आपली मंजू गुरुग्रामच्या ऑफिसातून आली ती थेट खोलीत गेली. मी मागोमाग. "आई, यार, माझ्या कामाच्या रिपोर्टमध्ये स्टॅग्नंट लिहिलंय," म्हणाली आणि रडायला लागली. मला कळेना. म्हटलं, "अगं, चांगलंच आहे की! तुझ्या बाबांनाही मिळालं होतं ते."

ती रडता रडता थांबली. "आई, स्टॅग्नंट म्हणजे साचलेलं. कूलरमधल्या पाण्यात मच्छर होतात ना, तसं. माणसाला म्हणतात तेव्हा, हा बिल्कुल पुढे गेला नाही."

आठवतं? दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बूट काढता काढता तुम्ही म्हणालात, "आज स्टॅग्नेशन इन्क्रिमेंट मिळालं." इन्क्रिमेंट म्हणजे पगारवाढ, एवढं इंग्रजी मला येत होतं. आधीचा शब्द एवढा मोठा, म्हणजे मानही मोठा असणार. मी पुरण शिजायला टाकलं. जिन्यातल्या सगळ्या घरांत पोळ्या दिल्या आणि शब्दही घोकून सांगितला. शेजारच्या भाभींचे यजमान तुमच्याच खात्यातले. त्यांनी तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला, मग म्हणाल्या, "बधाई हो, बहनजी."

बढती न मिळता पगाराच्या शेवटच्या पायरीवर अडकलेल्या माणसाची समजूत काढायला देतात ती ही वाढ, हे काल मंजूने सांगितलं. म्हणजे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं, अडाणी मीच. आणि तुम्ही? वर तूप मागून दोन पोळ्या खाल्ल्यात.

माझा आनंद मोडू नये म्हणून ना? कळतं मला. पण तुमच्यामागून आलेली पोरं तुमचे साहेब झाली, ते सगळं तुम्ही एकट्याने गिळलंत, याचा राग येतो. मी काय तुमच्या हुद्द्याशी लग्न केलं होतं? सांगितलं असतंत तरी पुरण शिजलंच असतं.

पुरणपोळ्यांची गोष्ट ऐकून मंजू आधी हसली, मग जास्तच रडली. जेवली मात्र. आज गेली ऑफिसला.

पोरगी तुमच्यावर गेली आहे. आजपासून तीही सगळं गिळून हसतच घरी येईल, बघा. पण तुम्हाला शब्द देते. "कसा गेला दिवस?" म्हणून मी विचारीन, ती "अच्छा गेला" म्हणेल, आणि मी पुन्हा विचारीन.

तुमचीच,
सुमन