पाणबुडीत बसण्याआधी

मी, मल्लेश सिद्रामप्पा हत्तुरे, वय ५९, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार सात रस्ता, सोलापूर, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपण आहे ते उद्याचे. मुलगी भुवनेश्वरी हिने कॉलेजसाठी बनवलेल्या पाणबुडीत बसून उद्या उजनीच्या पाण्याखाली मी पेडल मारणार आहे. आत पाणीच भरलेले असते, श्वास सिलिंडरमधून घ्यायचा. महिनाभर तलावात शिकलो, तरी मला फार भीती वाटते.

१. राहते घर पत्नी काशम्मा हिला. तिला उद्याचे सांगितलेले नाही. तिने मला खुशाल शिव्या द्याव्यात.

२. दुकान व हत्यारे भुवनेश्वरीला. हवेचा पंप धाकटा भाऊ चनबसप्पा याला. बारा वर्षांपूर्वी नेलेला तो त्याच्याकडेच आहे.

३. दुकानाच्या खणातले फ्रीव्हीलही भुवनेश्वरीला. पाणबुडीची चेन मी बसवली. चाळीस वर्षांच्या सवयीने हात फ्रीव्हीलकडेच गेला. त्यात उलटे पेडल नुसतेच फिरते; सायकलला ते ठीक. गेल्या महिन्यात विहिरीतल्या चाचणीत पाणबुडीचे नाक गाळात रुतले. मागे येण्यासाठी पोरीने उलटे पेडल मारले, पंखा हललाच नाही. मित्र महादेवप्पाने दोराने ओढून काढले तेव्हा सिलिंडरचा काटा तांबड्यात होता.

"अप्पा, लई उलटं मारलं की, पण गाळ सोडतच नव्हता," ती म्हणाली. मी मान हलवली. चूक माझी, नाव गाळाचे. दुसऱ्या दिवशी गुपचूप फ्रीव्हील काढून घट्ट दातेरी चक्र बसवले. उद्या बसायची पाळी तिची होती. ते चक्र उलटे ओढते का, हे आधी मी बघणार.

महादेवप्पा म्हणाला, "एवढा भ्यालास तर जातोस कशाला रं?" त्याला खरे सांगितले नाही.

४. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. खाली काही झाले तर मला बसल्या स्थितीतच वर काढावे, पाय ओढून सरळ करू नयेत. गळ्यातले लिंग सोडू नये.

५. वर आलो तर महादेवप्पाने हे पाकीट सर्वांदेखत भुवनेश्वरीच्या हातात द्यावे. कलम तीन मी तिला स्वतः वाचून दाखवीन. पाण्यापेक्षा त्याचीच मला जास्त धास्ती आहे. म्हणून आजच लिहिले. नाहीतर वर आल्यावर पुन्हा गाळाचेच नाव सांगेन.

सही वाकडी आली आहे. तरी ती माझीच.

मल्लेश सिद्रामप्पा हत्तुरे

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. महादेवप्पा बिराजदार (उद्या दोर धरणार)
२. बिरदेव वाघमोडे, शेजारी दुकानदार

सोलापूर, ८ फेब्रुवारी २०२५