बसूच्या शेजारची जागा

॥ श्री ॥
कागल, ४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप नीलम्मा अक्कास,
धाकट्या राजशेखरचा शि. सा. नमस्कार व शरणार्थ. वि. वि.

फोनवर तुला काही ऐकू येत न्हाय आणि वर माझ्यावरच ओरडतेस, म्हणून पत्र. आपल्या भागात मैदान व्हायचं ठरलंय, मला कमिटीत घेतलंय. पोरांना व्हॉलीबॉल, पोरींना खो-खो. ह्या खेपेला बायकांनाही विचारलं. बायडाबाई उठून म्हणाली, आम्हाला नुसती चालायला वाट द्या, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात. निम्म्या जणींना शुगर हाय. आमच्या सूनबाईला, दानेश्वरीलाही डॉक्टर चाला म्हणतोय, पण चालायचं कुठं?

मैदानाभोवती वाट काढायला आपल्या रुद्रभूमीचा मागचा पट्टा लागतोय. ज्यांची माणसं तिथं मातीआड हायत त्यांनी होकार दिला. राहिलं आपलं घर. वाट तुझ्या बसूच्या कोपऱ्यावरनं जाते. त्याला कुणी हलवणार न्हाय, वरून मुरूम पडेल. पण त्याच्या शेजारची जागा जाईल. तुझ्या मागं तुला तिथंच ठेवायचं, असा शब्द अप्पांनी तुला दिलता. तुला विचारल्याशिवाय सही करणार न्हाय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा राजू

संकेश्वर, ११ नोव्हेंबर

चि. राजशेखर यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. कागलात दुसरी जमीन न्हाय व्हय? तीन वर्षांचं लेकरू जत्रेला म्हणून माहेरी आणलं आणि तापानं गेलं. त्याला तिथं ठेवून मी रिकाम्या हातानं एसटीत बसले. सासरी सगळे म्हणाले, रडू नको, दुसरं होईल. झाली की, दोन झाली. पण बसू तो बसूच. अंधाराला भ्यायचा, माझा पदर धरल्याशिवाय झोपायचा न्हाय. इतकी वर्षं मनाला एकच सांगत आले, शेवटी त्याच्याजवळ जायचंय.

माहेराकडं शेत मागितलं न्हाय, सोनं मागितलं न्हाय. एवढी जागा मागितली. सही केलीस तर तुझ्या दारात पाऊल टाकणार न्हाय.

रागाचं पोटात ठेवू नकोस. दानेश्वरीला जपायला सांग.
तुझी अक्का

कागल, २० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप अक्कास,
राजूचा नमस्कार.

सही केली न्हाय. बैठकीत सांगितलं, आमच्या घरचं जमणार न्हाय. कारण सांगितलं न्हाय. कुणी वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. मैदान होईल, वाट होणार न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका परत रस्त्याला लागल्या. दानेश्वरी जेवायला वाढते, विचारलं तर बोलते, पण वर बघत न्हाय.

पुढचं लिहू का नको, असं झालंय. तुझी आई ठाम हाय, असं बसूला सांगून यावं म्हणून संध्याकाळी तिकडं गेलतो. कधीचा गेलो नव्हतो, मलाच आठवेना. अक्का, कोपरा ओळखू येत न्हाय. बाभळी माजल्यात. दारूच्या बाटल्या फुटून पडल्यात, कोंबड्यांची पिसं आणून टाकल्यात. माणूस म्हणून तिकडं फिरकत न्हाय. जमेल तेवढं साफ केलं, हातात काटा मोडला. तुला दुखवायला लिहीत न्हाय, पण खोटं तरी कसं लिहू?

प्रकृतीला जप, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.
राजू

संकेश्वर, २८ नोव्हेंबर

चि. राजशेखर यास,
अक्काचे आशीर्वाद.

काटा काढलास का? हयगय करू नकोस.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागला न्हाय. मी इथं त्याच्या नावानं दिवा लावत होते आणि माझं लेकरू त्या घाणीत एकटं पडलं होतं. आधी तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर. पोटभर रडून घेतलं, आता कोण अडवतंय?

सही कर. बायकांना वाट दे. त्या चालताना बोलतील, हसतील, सासवांना नावं ठेवतील. आम्हा बायकांच्या गलक्यात तो बरोबर झोपायचा. मी मेल्यावर कधीतरी येणार, त्या रोज येतील. दानेश्वरीला म्हणावं, कंटाळा करायचा न्हाय. तिला का ते सांगायची गरज न्हाय.

मला इथंच, सासरच्या मातीत ठेवतील. थोरल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं आई, कागल लांब पडलं असतं.

मुरूम टाकायच्या आधी एकदा तिकडं जा. जवळ बस आणि बसूला सांग, आई येणार न्हाय. मोठ्यानं सांगू नकोस, दचकतो. मी आले असते रे, पण माझ्या तोंडातनं ते निघणार न्हाय.

माया असू दे.
तुझी अक्का