ढवळायच्या चुंबकावरचा काळा थर

प्रिय भुंग्या,

लॅबचा विषय तुझ्यापुढे काढायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे. तरी काढतेय. संशोधन अर्धवट सोडून तू पंपदुरुस्तीच्या कारखान्यात गेलास, तिथे रमलोय असं फोनवर म्हणतोस. ते खरं असेल तर हे पत्र वाच आणि बाजूला ठेव. पण तू गेलास तो आपलं चुकलं असं समजून, आणि नेमकं त्याबद्दलच मला सांगायचंय.

तुझं म्हणणं होतं, दोन भाग लोखंड आणि एक भाग कोबाल्ट घेऊन मिश्रधातूचे नॅनोकण केले, तर ते सगळ्यांत जोरदार चुंबकीय निघतील. मोजलं तर तेच सगळ्यांत मरतुकडे. "यापेक्षा माझ्या फ्रिजवरचं फुलपाखरू बरं!" असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. तूही हसलास, आणि पुढच्याच आठवड्यात टेबल आवरलंस.

गेल्या महिन्यात मी लॅबमधली भांडी धूत होते. द्रावण ढवळायला आपण फ्लास्कमध्ये तो गोळीएवढा पांढरा चुंबक टाकतो ना, तो काळाकुट्ट झाला होता. नेहमीसारखा ॲसिडमध्ये टाकणार, तेवढ्यात हात थांबला. अरे, चुंबकीय कण आपण चुंबकानेच ढवळत होतो! जोरदार कण त्याला चिकटून बसणार आणि द्रावणात उरणार ते दुबळे. आपण त्या उरलेल्यांचं मोजमाप घेत होतो, आणि खरा माल घाण समजून ॲसिडमध्ये विरघळवत होतो. कण जितके चांगले, तितका आकडा वाईट! बेसिनपाशी मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या लॅबमधली मैत्रीण धावत आली, "काय गं, वास चढला का डोक्यात?"

मग सगळ्या प्रमाणांचे कण नव्याने केले, आणि या वेळी वरून मोटर लावून काचेच्या दांडीने ढवळलं. हवा लागली की कण गंजतात, म्हणून सगळं नायट्रोजनमध्ये. तुझ्या प्रमाणाचा आकडा असा आला की माझाच विश्वास बसेना. बहिणीच्या मायेनं मी पारडं तर झुकवत नाही ना? म्हणून बाटल्यांवर नुसती अक्षरं घालून नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. कुठल्या बाटलीत काय, ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. काल उत्तर आलं. तुझं प्रमाण सगळ्यांत वर आहे. याहून लहान कणांतही तसंच राहील का, ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही.

सरांना दाखवलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "येईल का गं तो परत? की मी स्वतः जाऊन विचारू?" मी म्हटलं, आधी मी लिहिते. तुझी जागा त्यांनी अजून भरलेली नाही. मी गळ घालणार नाही; पंपांनी तुला सुखाची झोप दिली असेल, तर तेही काही थोडं नाही. पण लहान कणांच्या कामाला मी हात लावलेला नाही. ते तुझं आहे. येतोस की नाही, ते तूच फोन करून सांग. आईकरवी निरोप नको.

तुझीच, फोनकडे कान लावून बसलेली,
ताई