कमलच्या चिठ्ठीवरचं दुसरं नाव

गुरु., ९ जाने.
आज आमच्या बचत गटांच्या संघाच्या अध्यक्षपदाचं मतदान, मारुतीच्या मंदिरात. उभ्या तिघी: मी, शेजारची कमल, सुनंदा. मोजणीला शाळेतले सर; ते शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत ड्यूटीवर जाऊन आलेले, त्यांनी तिथलीच पद्धत लावली. चिठ्ठीवर पसंतीच्या क्रमाने तिन्ही नावं लिहायची. निम्म्याच्या वर कोणी गेली नाही तर सर्वांत मागची बाद, आणि तिच्या चिठ्ठ्या त्यांवरच्या दुसऱ्या नावाला.
कमल हसत, "मी तुले दुसरी लिहीन, ताई. तूही मले लिहिजो." हो म्हटलं.
फक्त माझं नाव लिहिलं. घडी घातली. पेटी सोमवारी उघडणार.

शनि., ११
कमल गेली. कपडे वाळू घालता घालता खाली बसली, ती बसलीच. तोंडात गंगाजल मी घातलं.

सोम., १३
मोजणी. सर म्हणाले, मत आधीच पडलेलं आहे, कमलच्याही चिठ्ठ्या चालतील. एकूण २७. मी १०, सुनंदा १०, कमल ७. तिच्या सात पाहिल्या. तीन सुनंदाला, चार मला. मी १४.
चारातली एक खुद्द कमलची. अक्षर ओळखलं. तिच्या नावाखाली माझं, पुढे "ताई" लावून.
सुनंदा म्हणे, "मेलेल्या बाईनं निवडून आणलं तुले." कोणी हसलं नाही.
माझी चिठ्ठी माझ्याच गठ्ठ्यात. तिच्यावर दुसरं नाव आहे का, हे पाहायची कोणाला गरजच पडली नाही.

बुध., १५
जप पुरा होत नाही. चाळीस-पन्नासाच्या पुढे कानाशी येतं, लिहिजो. भर दुपारी.

गुरु., २३
कमलची तेरवी. लेक शोभा पुसदहून आलेली, वाढता वाढता म्हणाली, "मावशी, तुमचं झालं म्हंजे आईचंच झालं. तुम्ही बी तिलेच दुसरी लिहिलं असन ना?"
घास हातात होता. हो म्हटलं.

शनि., २५
उद्या झेंडावंदनानंतर कारभार घ्यायचा. सरांनी कपाटाची किल्ली आजच दिली. चिठ्ठ्यांचं पाकीट त्यातच, महिनाभर ठेवायचं. नुसतं दोऱ्याने बांधलंय.
दुपारी शोभा. "आईच्या हातचं शेवटचं लिहिणं हाय ते, मावशी. पाहू द्या मले उद्या. फोटो काढून घेतो."
कमलची शोधायची तर सगळ्या पसराव्या लागतील. माझं अक्षर शोभा लहानपणापासून ओळखते, पाटीवर मीच गिरवून द्यायची तिला.
"कवा येऊ?"
ये म्हटलं, आठाला.
पाकीट घरी आणलं. सोडलं नाही अजून. चिठ्ठीसारखाच कोरा कागद घेतला. माझं नाव लिहिलं. त्याखाली कमलचं लिहायला पेन टेकवलं. कानाशी पुन्हा तेच, लिहिजो.