परवान्यावर पोराचं नाव

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलो, याची माफी करा. चांगलं सांगण्यासारखं असतं तर आधीच लिहिलं असतं. तुमची एकनळी बंदूक अजून घरात आहे. पिकाच्या राखणीसाठी तुम्हाला मिळालेला परवाना तुमच्यामागे माझ्या नावावर झाला, आणि आता माझं वय झालं म्हणून पोरगा तो स्वतःच्या नावावर मागतो आहे. त्याचंही खोटं नाही. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, उभी तूर आडवी करून जातात. अमरावतीच्या कचेरीत चकरा मारून आला की तो चिडतो, "रोह्याले वावरात याले परवाना लागत नाही, आपल्यालेच लागते!"

पण या दसऱ्याला बंदुकीची पूजा झाली आणि तिच्यावरच्या हळदीकुंकवासकट तो ती वावरात घेऊन गेला. संध्याकाळी धुऱ्यापलीकडचा, बांधाला बांध असलेला शेजारी नेहमीसारखा सोनं द्यायला आला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून पाया पडला आणि हळूच म्हणाला, "काका, धुऱ्यावरून बोलाचाली झाली, तं तुमच्या पोरानं माह्यावर बंदूक रोखली. ठाण्यात नाही गेलो मी. आबाजीइकडे पाहून गप्प राह्यलो." आबाजी म्हणजे तुम्ही. मला खाली बघवेना, वर बघवेना. त्याला मी चहा घे म्हटलं.

मला आठवतं, आपण अकोल्याहून काडतुसं घेऊन एसटीने आलो होतो. तुम्ही हातपाय धुवायला जाता आणि मी रिकामी बंदूक उचलून गमतीनं बहिणीकडे धरतो. ती थप्पड अजून गालावर आहे. "खाली असली तं का झालं? मानसाकडे नाही धराची!" एवढंसं मला माझ्या पोराला शिकवता आलं नाही.

काल ठाण्यातले हवालदार परवान्याच्या चौकशीला आले. पोरगा माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसला.

"काका, पोरगा कसा हाये? रागीट-गिगीट?"

"सांगा ना बाबा, लाजून काहून राहिले?" पोरगा हसत म्हणाला.

मी म्हटलं, "आज बरं नाही वाटत साहेब, सोमवारी या." त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि विनवलं, "तुमीच नकार लिहून टाका ना. माह्यं नाव नका येऊ देऊ."

ते म्हणाले, "कायदा दिल्लीत होते काका. पन पोराचा राग आमाले तुमी सांगान तवाच समजन."

शेजारी बोलत नाही, मी बोलत नाही. मग कायद्याला कळावं कसं? घराच्या अब्रूसाठी गप्प आहे, असं मी मनाला सांगतो. खरं तसं नाही. दसऱ्यापासून काडतुसं मी उशाखाली घेऊन झोपतो. मला माझ्याच पोराचं भेव वाटते, बाबा.

पाकिटावर पत्ता काय लिहू, समजत नाही. सोमवारच्या आत, स्वप्नात का होईना, निरोप धाडा.